ळच्या खणात

बँकेत हुक्केरी मॅडमनी कार्ड हातात दिलं
तेव्हा मी आधी कडेवरनं नख फिरवलं.
सवय.
तीस वर्षं कार्डंच छापली मी शहापुरात,
लग्नाची, मुंजीची, बाराव्याची,
एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड,
आणि दुकानदारांसाठी ते पिवळे स्टिकर:
आज रोख उद्या उधार,
इंदु नगदु नाळे साल.
हजाराच्या गठ्ठ्यानं विकले.
आमच्या गल्लीत एक अजून चिकटलेला आहे.
त्यातला 'रोख' उन्हानं उडालाय.
लाल शाई आधी उडते.

दहा हजारांची ठेव ठेवली, त्यावर नऊ हजारांची पत.
म्हणजे माझेच पैसे मला उसने,
वर उपकार.
मॅडम म्हणाल्या, "हसू नका भावकाण्णा,
पतीला पण रांगण्यापासनं शिकवावं लागतंय."
सुगंधा शेजारी बसली होती, म्हणाली,
"चोवीस वर्षं तेच चाललंय माझं."
कॅशियरनं मोजलेली नोट परत मोजली.

नादारीचा निकाल लागला त्या आठवड्यात
दोन रंगांचं मशीन गोकाकच्या टेंपोत चढलं.
चार माणसं, एक दोरखंड.
फरशीवर बोल्टांची चार भोकं राहिली
आणि शाईचा एक डाग.
लोक म्हणतात नकाशासारखा दिसतो.
कशासारखाच दिसत नाही.
मेहुण्यानं फोन उचलणं सोडलं.
खडेबाजारातल्या कागदवाल्या वैजूशेटनं
मला चहा पाजला आणि वही मिटली.
त्या चहात साखर जास्त होती.

आता महिन्यातनं एकदा गोवावेसच्या पंपावर
तीनशेचं पेट्रोल. बस्स.
बिल चार दिवस आधी भरतो,
प्रूफ कसं गिऱ्हाइकाच्या आधी आपण वाचायचं, तसं.
बिलावर एक ओळ ठळक असते:
किमान देय शंभर रुपये.
तो ठळकपणा मला कळतो.
मीच वरबापांना सांगायचो,
नजर जायला पाहिजे तिथं जाड टाईप,
जाऊ नये तिथं बारीक.
व्याज बारीक आहे.
चष्मा बदलून वाचलं.

आकडा पाचशे एकसष्ट होता.
मग पाचशे अठ्ठावन्न. का घटला, कुणी सांगेना.
मग पाचशे ब्याण्णव.
पोरगा मोबाईल पुढं धरतो आणि माझं तोंड बघतो,
दहावीच्या निकालाला मी त्याचं बघत होतो तसं.
नावापुढं 'सेटल्ड' अजून आहे,
सात वर्षं राहणार म्हणे.
कुठली शाई वापरतात कोण जाणे.

परवा वैजूशेटकडं गेलो.
पाव रीम मॅपलिथो. बाराव्याच्या कार्डांची ऑर्डर,
छापणार दुसऱ्याच्या मशीनवर.
रोख होती खिशात. कार्ड काढलं.
शेटनं चष्म्यावरनं बघितलं,
"चालतंय काय रे हे?"
"बघा की."
ते यंत्र थांबलं, विचार करत राहिलं.
तेवढ्यात माझी ती चार भोकं मोजून झाली, दोनदा.
मग टर्रर्र करत चिठ्ठी आली.
थर्मल कागद. सहा महिन्यांत कोरा होणार.
मी काही बोललो नाही.
शेटनं गठ्ठा सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.
चहा मागवला नाही.
बरं वाटलं.

वडिलांची खिळ्यांची पेटी तेवढी घरात राहिलीय,
लिलावात कुणी भंगारातही धरली नाही.
कार्ड तिच्यात ठेवतो, ळच्या खणात.
ळ कमी लागायचा, खण निम्मा रिकामाच.
दिवाळं जुळवायला एक लागतो.
शिळं, सगळं, वेळ, यांनाही एकेक.
सुगंधा म्हणते मसाल्याच्या डब्यात ठेवा,
चोर तिथं हात घालत नाहीत.
बघू.
पंचवीस तारखेला बिल आहे.
एकवीसला जायचंय.