काठी

कोयाइकेच्या वरच्या अंगाला, लाकडाच्या वखारीत,
किल्ली फिरवण्याआधी एर्सिलिया उएंचुमान
जमीन चालून घेते.
हातात वेताची काठी, पायात मुलाचे जुने बूट.
टोचते, थांबते, पुन्हा टोचते.
रात्री गोठलेलं सकाळी दहाला सुटतं:
वर खडी, आत लोणी.

मी नवा. मला वाटायचं, चाकं छातीएवढी,
ती कुणाला कशाला जुमानतील?
ती हसली नाही.
कुंपणाला टेकवलेली लोखंडी जाळी दाखवली,
एका फोर्कलिफ्टच्या डोक्यावरची. खाली कोंबड्या बसलेल्या.
"ही निबाल्दोची. वाकली, पण टिकली.
आत बसून राहता, तर आज इथे शिव्या देत असता.
उडी मारली त्यानं,
यंत्र कलत होतं त्याच बाजूला.
घाबरला की माणूस पाण्यासारखा उताराकडेच पळतो."

"म्हणून पट्टा. कललंच तर चाक घट्ट धर,
पाय रोव, अंग उलट्या बाजूला झोकून दे."
"आणि देव?"
"त्याला नंतर हाक मार."

बाकीचं तिनं बोलून शिकवलं नाही.
भरलेले सुळे कायम चढाकडे:
चढताना पुढे,
उतरताना मागे मागे,
गाभाऱ्यातून निघावं तसं, पाठ न दाखवता.
ओझं गुडघ्याखाली.
उतारावर वळायचं नाही,
फळ्यांची थप्पी हाताच्या अंतरावर दिसली तरी.

मंगळवारी तिची दाढ सुजली. मी एकटा.
ट्रकवाला ओस्वाल्दो हॉर्नवर हात ठेवून बसला,
त्याला संध्याकाळची बोट गाठायची होती.
"आडवा ये ना, पाच मिनिटांचं काम!"
आणि खरंच, आडवं अंतर इतकं थोडं होतं
की डोळ्यांनी ते केव्हाच पार केलं होतं.

मी सुळे जमिनीला टेकवले, किल्ली काढली.
काठी कोंबड्यांपाशी सापडली.
पहिल्यांदा टण्ण. दुसऱ्यांदा टण्ण.
तिसऱ्यांदा आवाजच नाही,
वीतभर आत.

लांबून गेलो. चार खेपा.
हॉर्न वाजत राहिला.
बोट मिळाली का चुकली, मला ठाऊक नाही,
त्यानं नंतर कधी सांगितलं नाही.

मीही एर्सिलियाला काही बोललो नाही.
काठी तशीच ठेवून दिली,
चिखलाची रेघ वीतभर चढलेली.

सकाळी ती कुणीतरी पुसली होती.