अठ्ठाविसावा दिवस

बावीस वर्षं मी ठोकळे फोडतोय.
धायरीच्या अलीकडच्या कॉलेजात, तळघरात,
जिथं खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसतात.
सहा इंची क्यूब
(पंधरा सेंटीमीटर म्हणायचं, सर रागावतात)
टाकीतून काढायचा, फडक्यानं टिपायचा,
यंत्राच्या दोन ताटल्यांत नेमका मधोमध ठेवायचा
आणि काटा चढू द्यायचा.
दुसरं कुणी घडवतं. मी मोडतो, आकडा लिहितो.
बायको विचारते, ह्याचा पगार देतात?

हर्षला खैरमोडे आली ती काळी बाटली घेऊन.
मी म्हटलं, काजळी.
"काजळी नाही काका, नळ्या आहेत, कार्बनच्या.
केसाच्या जाडीचे पाच हजार भाग करा, त्यातला एक."
बाटली उजेडात धरली.
नळीबिळी काही दिसली नाही,
एक बूट तेवढा पलीकडून गेला.
सिमेंटच्या पोत्याला पंचवीस ग्रॅम.
म्हणजे हिंगाचा हिशेब.

पहिली खेप पडली.
साध्या काँक्रीटला आठशे बेचाळीस,
हिच्या काळ्याला सातशे नव्वद.
हेल्मेट मांडीत घेऊन ती स्टुलावर बसली, बोलेना.
मी चुरा उलथापालथा केला.
आत ठिपके. मोहरीएवढे, काळे.
"गुठळ्या झाल्यात," म्हटलं,
"पिठल्यात होतात तशा. आधणात पीठ एकदम लोटलं
की वरून शिजतं, आत कोरडंच राहतं.
आधी गार पाण्यात कालवायचं. बोटांनी. सावकाश."

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.
मग ऊसवाल्याकडून मी बर्फ आणला,
बर्फात पात्र, पात्रात पाणी, पाण्यात ती काळी चिमूट
आणि वरून सोडलेली एक सळी,
आवाजानं पाणी थरथरवणारी.
आवाज माणसाला ऐकू येत नाही म्हणे.
माझ्या दाढा मात्र तासभर शिवशिवत होत्या.
पाणी शाईसारखं झालं. एकसारखं.

आता अठ्ठावीस दिवस टाकीत.
तिथं कुणाची घाई चालत नाही,
गाइडची नाही, हप्त्याची नाही.
त्याच दिवसांत आमच्या न्हाणीच्या छताचा पोपडा
बादलीत पडला.
आत सळई. गंजून दुप्पट झालेली.
गंज फुगतो आणि आतून रेटतो.
बावीस वर्षं मी बाहेरून दाबतोय,
आणि पाणी हेच काम करत होतं
माझ्याच घरात, बिनपगारी.

अठ्ठाविसावा दिवस मंगळवारी आला.
आठशे. नऊशे.
साडेनऊशेला बारीक कुरकुर, वाळूत पाय पडावा तशी.
एक हजार चारला काटा थांबला, मागे फिरला.
फुटला. फुटणारच, मशीन कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.
पण जाळीवर खपल्या उडाल्या नाहीत.
उचलला तर अख्खा हातात आला,
भेग आरपार,
आणि दोन्ही बाजूंनी एकमेकींचा पदर धरलेला.
"एकावर हुरळू नका काका," ती म्हणाली,
"अजून आठ आहेत."
स्वतः मात्र आकडा तीनदा वाचला.

पुढं पाषाणहून तिनं फोटो काढून आणला,
भेगेचा, प्रचंड मोठा केलेला.
दरी होती. दरीवर काळे दोरे.
"ह्याला काय म्हणाल?"
"टाके," म्हटलं.
तेही तिनं लिहून घेतलं.

आता ती पाणी मोजते, किती झिरपतं, किती दिवसांनी.
न्हाणीचं छत मी साध्या सिमेंटनंच लिंपून घेतलं,
ती बाटली अजून माझ्या पगारात बसत नाही.
इलाही गवंडी घमेल्यात माल कालवत होता.
मी म्हटलं, आधी गार पाण्यात, सावकाश, गुठळी नको.
त्यानं थापी थांबवली.
म्हणाला, साहेब, सिमेंट आहे.
पिठलं नाही.