दोरीच्या गाठी

माग भंगारात गेले, त्या खोलीत
आता एकशेचार पिल्लं आहेत.
विट्याच्या मागल्या अंगाला, मायणी रस्त्याकडं,
भिंतींवर अजून सुताची पांढरी लव
आणि छताला चार आकडे.
एका आकड्याला दोरी, दोरीला बल्ब,
खाली पत्र्याचं गोल कडं,
कड्यात भाताचं तूस, तुसावर जुनी वर्तमानपत्रं,
पहिल्या दिवशी त्यांच्यावर गुळाचं पाणी
आणि मक्याचा भरडा.

शंभर वॅटचा पिवळा बल्ब मिळता मिळेना.
तारळेकर म्हणाला, एलईडी न्या की, बिल कमी येतंय.
म्हटलं, उजेड नकोय मला. ऊब पायजे.
तो माळ्यावर चढला,
धूळ झाडत खोक्यातून तीन काढले.
चौथा कानाशी धरून हलवला,
आत तार तुटून वाजत होती.

थर्मामीटर पाठवू का, पोरानं पुण्याहून विचारलं.
जैबूनभाबी हसल्या.
पिल्लंच काटा असत्यात, भाऊजी.
बल्बाखाली ढीग करून ओरडली तर गारठलीत,
पत्र्याला चिकटून चोच वासली तर भाजलीत,
आणि खळ्यात सांडलेल्या जोंधळ्यागत
कुठंपण पडून झोपली,
तर तुमीबी झोपा.

मी कुठला झोपतोय.
तीस वर्षं खडखडाटात झोपलेला माणूस मी,
माग थांबले तेव्हा शांततेनं दचकून उठायचो.
आता चिवचिव थांबली की उठतो.

जानेवारीचा शेवट. माळावरनं वारं
शटरच्या फटीतून शिट्टी घालत येतंय.
दर चौथ्या दिवशी दोरीला एक गाठ,
बल्ब चार बोटं वर.
तीच गाठ, तुटलेला धागा जोडायची,
चिमटीत, न बघता.
बोटांना वाटत असेल, काम परत लागलं.

नवव्या रात्री लाईट गेली.
घमेल्यात निखारे, वर पालथं मडकं,
कड्यावर पोती आणि मी.
पहाटे लाईट आली तेव्हा
ढिगाच्या तळाशी एक चपटं झालेलं.
ते बांधाकडेला पुरलं, वर दगड ठेवला,
मांजर उकरतंय म्हणून.
कुणाला सांगितलं नाही. भाबींनी मोजली असणार.

मग पिवळी लव गळाली,
पंखांना पिसांची टोकं फुटली,
मानेशी मात्र उघडंच,
गणवेश आखूड झालेल्या पोरांसारखी दिसत होती.
शंभरचा साठ केला. साठचा चाळीस.
आधी दिवसा बंद, मग दुपारनंतर चालू,
मग नुसता रात्री अकरापर्यंत.
पिल्लं कुरकुरली दोन दिवस,
तिसऱ्या दिवशी विसरली.
एक तांबडं सोडून.
ते विझलेल्या बल्बाखालीच येऊन बसायचं
आणि मान वाकडी करून वर बघायचं.
मी त्याला उचलून इतरांत ठेवायचो,
ते परत यायचं.
म्हटलं बस बाबा. आपण दोघं बसू.

अठ्ठावीसाव्या रात्री लावलाच नाही.
अकराला उठलो, दीडला उठलो,
साडेतीनला चपला न घालता आत गेलो.
अंधार. वारं पडलेलं.
हात खाली घातला आणि लागली ती सगळी,
एकमेकांच्या पंखाखाली शिरलेली,
भाकरी काढून घेतल्यावरच्या तव्याएवढी गरम.
कुणीतरी झोपेत बोटाला हळूच टोचलं.
हात काढायला पाहिजे होता.
काढला नाही बराच वेळ.

सकाळी दोरी सोडायला घेतली.
सात गाठी. एकही सुटेना.
सुटायच्या नव्हत्याच त्या, माझ्याच होत्या.
ब्लेडनं कापली.
बल्ब उतरवला, पुसला,
कानाशी धरून हलवला.
काहीच वाजलं नाही.
खोक्यात परत ठेवला, कागद घालून.

तांबडं कड्यावर उडी मारून बसलंय,
शटर उघडायची वाट बघत.