व्हॉइस चाचणी

अप्पर डेपोच्या मागे, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पाठीवर शिडी, खांद्याला ड्रिलची पिशवी.
बेल दाबली तर आत काही वाजलं नाही,
पॅसेजमधला पिवळा दिवा तीनदा लागला, विझला.
मला वाटलं, वायरिंग उलटंसुलटं केलंय कुणीतरी.

दार उघडलं दुधाळांनी.
मी माझं रोजचं म्हणून टाकलं: नेटवाली, नवीन कनेक्शन, ओटीपी येईल.
त्यांनी कानाला बोट लावलं, मान हलवली
आणि वही पुढे केली. आधीच लिहून ठेवलेलं,
खाली दोन रेघा मारून:
'भोक कुठे पाडणार ते अगोदर दाखवावे. भिंत नुकतीच रंगवली आहे.'
बिबवेवाडीत तोंडाने बोलणारेही
मला हेच सांगतात, इतक्या चांगल्या अक्षरात नाही.

खांबावरून गच्ची, गच्चीवरून डक्ट,
डक्टमधून कबुतरांच्या काटक्या बाजूला सारत खिडकी.
पिवळ्या वायरीत केसाएवढी काच असते.
तिला कोपरा सोसत नाही,
भाकरीएवढी गोलाई देऊनच वळवावी लागते.
शैलाताई खाली रद्दी पसरून बसल्या होत्या
ड्रिलची धूळ झेलायला.
भिंतीला त्यांचा तळवा टेकलेला.
भोक आरपार गेलं ते त्यांना माझ्याआधी कळलं.

डबा पांढरा, दुहेरी वहीएवढा.
मागे चार रुंद तोंडं डेटाची,
कडेला एक बारकं, फोनचं.
पासवर्ड उलटा छापलेला, खाली, जिथे तो नेहमी असतो.
लाल दिवा हटेना. टोक स्पिरिटने पुसलं, परत खोचलं.
हटला.

आता फोन. योजनेत दोन्ही एकत्रच येतं,
आवाज वगळून नुसतं नेट देता येत नाही,
मी विचारून पाहिलं होतं ऑफिसात.
वहीत लिहिलं: 'फोन राहू दे ना?'
त्यांनी खाली लिहिलं: 'नंबर मिळाला आहे तर लावा.
बँकेच्या फॉर्मात रकाना असतो.'

मग लावला. टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालावर.
ॲप विचारतं: आवाज ऐकू आला? हो किंवा नाही,
त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी माझ्या मोबाइलवरून नंबर फिरवला.

वाजला.
जिन्यात शेजारच्यांचा कुत्रा भुंकला.
दुधाळ बिल वाचत होते. ताई रद्दीची घडी घालत होत्या.
एवढ्या खोलीत तो फक्त माझ्यासाठी वाजत होता
आणि मी तो बंद करीना.

डब्यावरचा हिरवा दिवा धडधडताना ताईंना दिसला.
त्या उठल्या. फोनवर हात ठेवला, जसा कणकेवर ठेवतात,
नवऱ्याला ओढून त्याचा हात वर ठेवला.
मग रिसीव्हर उचलला,
कानाशी नेला, उगाच, तसाच ओठांपाशी आणला
आणि आवाज काढला.
शब्द नव्हता तो. लांब, जरा चढता,
जत्रेत हरवलेल्याला हाक मारतात त्या उंचीचा.

मला तो दोनदा ऐकू आला.
एकदा खोलीतून, दोन हातांवरून.
एकदा मोबाइलमधून,
काचेतून, खांबावरून, कुठल्या तरी सर्व्हरला शिवून,
जरासा मागे पडलेला.
ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
आला का, असं भुवयांनी विचारलं.

मी 'हो' दाबलं.

नेटची चाचणी त्यांनीच केली.
नगरची लेक पडद्यावर उगवली,
तिघांचे सहा हात एकदम सुरू झाले,
एकमेकांना तोडत, मध्येच हसत,
काय चाललंय यातलं मला एक अक्षर कळेना.
मी कोपऱ्यात शिडी मिटत उभी राहिले.

निघताना दुधाळांनी भोकाभोवती बोट फिरवलं,
बोट उजेडात धरून पाहिलं,
आणि वहीत लिहिलं:
'रंग ठीक.'
सही मात्र त्यांनी ताईंना करायला लावली.