लोणा

लाकूड बघायला गेलो होतो नंदगडला.
दारं सात, तुळया चौदा, एक जिना सागवानी,
असं फोनवर सांगितलं होतं भरमाण्णानं.
वारस अकरा, सह्या नऊ.
बाकीचं तू बघू नको, म्हणाला, तू लाकूड बघ.

पोचलो तर शेळ्या उभ्या होत्या
भिंतीला तोंड लावून, रेशनच्या रांगेत उभ्या राहाव्या तशा,
आणि चाटत होत्या.
गुडघ्यापासून कमरेपर्यंत भिंत आत गेलेली,
गुळगुळीत,
निम्म्या वापरलेल्या साबणासारखी.

हाकलत का न्हाईस, विचारलं निंगव्वाला.
उप्पिन मनी री ही, ती म्हणाली.
आमच्यात शेळीला मीठ कधी विकत आणलं न्हाई.
सासूच्या शेळ्या हितंच चाटायच्या,
सासूच्या सासूच्यापण.

गोव्याकडनं घाट चढून यायचे म्हणे बैल,
पाठीवर दोन्हीकडं गोणी.
खालचा मजला आढ्यापर्यंत मिठानं भरलेला,
वर सावकार झोपायचा.
त्याचं नाव विचारलं तर चहाच्या टपरीवर
सगळे एकमेकांकडं बघायला लागले.
मिठाचा सावकार, एवढंच.
आडनाव पण विरघळलं होतं.

हसनसाबचा आजा तिथं हमाल.
मेल्यावर आंघोळ घातली
तर अंगावरनं उतरलेलं पाणी खारट होतं म्हणे.
चाखलं कुणी, मी विचारलं.
हसनसाब हसला, पण गोष्ट मागं घेतली नाही.

कायतान वरच्या मजल्यावर तिसरी शिकला.
फळा एक, मास्तर दोन,
सकाळी मराठी, दुपारी कन्नड,
आणि पुसायची गरजच नव्हती, तो म्हणाला,
भिंतीच्या ओलीनं अक्षरं आपोआप जायची.
मार तेवढा दोघांचा लक्षात राहिला.

गडबडीच्या साली पोलीस उतरले होते तिथं.
छप्पन्न साली.
नाही हो, एकोणसत्तर.
यावरून जी जुंपली ती माझी बस गेली तरी मिटेना.
फाटकावरच्या पाटीला एकदा ह्यांनी डांबर फासलं,
एकदा त्यांनी.
पाटी आहे अजून, भरमाण्णानं दाखवली.
खाली काय लिहिलं होतं
ते टपरीवर एकालाही सांगता आलं नाही.

मी आपला चाकू काढून तुळई टोचली.
लाकूड शाबूत. मिठात मुरलेलं,
बरणीच्या तळातल्या कैरीसारखं.
खिळे मात्र नव्हते.
खिळ्यांच्या जागी तांबूस भोकं, त्यात बोट घातलं तर भुगा.
इतकी वर्षं हा जिना कशाला धरून उभा होता
ते मला समजेना.
सवयीला असेल.
मी उतरताना कठडा धरला नाही.

भाव ठरला. टेम्पो आला.
पहिलं दार शहापूरला माझ्या वखारीत टेकवून ठेवलं,
पुसलं, तेल दिलं.
श्रावणात बघतो तर त्याला पांढरं फुटलेलं,
बारीक, मिशी फुटल्यासारखं.
पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.
रिसॉर्टवाला गिऱ्हाईक म्हणाला, किडलंय.
किडलं नाही हो, म्हटलं,
पण पुढं काय सांगावं ते सुचलं नाही.
तो गेल्यावर इकडंतिकडं बघितलं,
बोट फिरवलं दारावर
आणि जिभेला लावलं.

मागल्या आठवड्यात वसुलीला गेलो होतो तिकडं.
छप्पर नाही, जिना नाही, भिंती तेवढ्या आहेत,
त्यांना गिऱ्हाईक नाही.
शेळ्या होत्या.
निंगव्वानं मला ओळखलं, रागावली नव्हती.
भिंतीवर तळहात ठेवून,
पोत्यात किती जोंधळा उरलाय ते बघावं तसं दाबून बघितलं
आणि म्हणाली,
अजून दोन पावसाळे पुरंल.