वायरचा ब्रेक

शिकलगारांच्या दुकानात, पोवई नाक्याच्या चढावर,
दोन ब्रेक काउंटरवर ठेवलेले.
"हा तेलाचा. एका बोटात सायकल उभी.
पण मेढ्याच्या पुढं गळला, तर
ढकलत आणा घरी, मॅडम."

दुसरा वायरचा. जरा कडक.
वायर हळूहळू सैल पडते,
अधूनमधून अर्धा आटा आवळायचा.

मला आठवलं यवतेश्वरचं तिसरं वळण,
घासून गुळगुळीत झालेली रबरं
आणि दगडी कठड्यावर फरफटत गेलेला
माझा डावा बूट.

वायरचाच द्या, म्हटलं.
बिघडायच्या आधी करकरतो तरी.

त्यांनी डिस्क उजेडात धरून फिरवली,
एक डोळा मिटून,
जशी त्यांचे वडील
सुरीची धार बघायचे.

"पहिले चार उतार हळू," म्हणाले.
"पात्याला अजून तुमची ओळख नाही."