नाते या रकान्यात

शरणपूरच्या आमच्या चर्चचा खजिनदार मी,
अकरा वर्षं.
गरीब फंडाची वही माझ्याकडे, पेटीची किल्लीही,
आणि नाव, कारण, रक्कम, सही
हे चार रकाने मीच आखलेले, लाल शाईने.

दीनाबाई उबाळे दर शुक्रवारी येतात.
सिव्हिलमधून आया म्हणून निवृत्त झाल्या,
पण संध्याकाळची पाळी काही सुटली नाही.
डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभ्या राहतात
आणि विचारतात, "आज कोणाकडे कोणी आलं नाही?"

मी म्हणतो, नाव काय लिहू?
"लिही, एक जण."
बाई, ऑडिटला 'एक जण' चालत नाही.
"मग दोन लिही. कालही एक होताच."

जानेवारी होता. नाताळची चांदणी अजून
फाटकावरच्या तारेला लोंबत होती, बल्ब गेलेली.
निफाडकडे बागांतून रात्री शेकोट्या पेटत होत्या,
द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून.
त्याच बागांतला एक माणूस, सुरगाण्याकडचा,
जिवला गावित,
पेठ नाक्यावरून मुकादमाने उचललेला,
औषध मारता मारता चक्कर येऊन पडला.
मुकादमाने त्याला सिव्हिलच्या पायरीवर आणून ठेवलं,
रिकामं कॅरेट ठेवतात तसं.

तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून होता.
चौथ्या दिवशी दीनाबाईंच्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाला,
"बाटवशील काय मला, माय?"
"आधी जेव," त्या म्हणाल्या,
"उडदाचं घुटं आहे. मीठच कमी पडलंय त्यात,
दुसरं काही घातलेलं नाही."

तो हसला नाही. जेवला.
त्या त्याच्या टाचांच्या भेगांतला पिवळा गंधक
कोमट पाण्याने काढत बसल्या,
एकेक भेग, कापसाने,
आणि ओठ हलत होते. प्रार्थना असेल.
किंवा मुकादमाला शिव्या.
दोन्ही येतात त्यांना.

मग एका सकाळी खाट रिकामी.
जिवला गेला, न सांगता,
आणि डबाही गेला. तीन पुडांचा, स्टीलचा,
झाकणावर शमुवेल उबाळ्यांचं नाव कोरलेला,
लग्नातला.
पंचमंडळात अर्धा तास हाच विषय.
माणूस पारखून द्यावं, असं तिघे बोलले,
त्यात एक मी.
दीनाबाई खारे दाणे सोलत होत्या.
"डबा नेला ना? बरं झालं.
घरी जाऊन काही शिजवायचा विचार आहे त्याचा.
मरायला निघालेला माणूस डबा नेत नाही."

मी वहीत लिहिलं: डबा, एक. गेला.
रकमेपुढे रेघ ओढली.

फेब्रुवारीत त्यांचे गुडघे धरले.
नवा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू जा."
भुकेल्याला जेवू घालण्याचा तो उतारा
मला तोंडपाठ आहे,
संडे स्कूलमध्ये कंपासपेटी मिळाली होती त्यासाठी.
वॉर्ड कुठल्या मजल्यावर, ते माहीत नव्हतं.

खिडकीतून सिस्टरने कागद सरकवला.
रुग्णाचे नाव: अनोळखी.
वय: अंदाजे साठ.
भेटणाऱ्याचे नाव. ते लिहिलं.
नाते.

अकरा वर्षं रकाने आखले मी,
एवढा अरुंद कधी आखला नव्हता.
मागे रांग वाढत होती,
डब्याचं बूड तळहाताला पोळत होतं,
आणि पेन टेकवलं तर शाईच उतरेना.

मागच्या बाईने, कडेवर पोर,
आपलं पेन पुढे केलं.
"लिहा ना भाऊ," म्हणाली,
"निवतंय ते."